मागचा टेम्पो

चोर्ल्याच्या माथ्यावर धुकं अजून उठलेलं नव्हतं.
फळी पाडली, सायकल उतरवली.
चाळीस हजारांची असेल, असं काल दुकानात म्हटलं
तर झिलू माजिक हसला होता:
"चाळीस? अरे, नुसत्या पुढच्या दांड्याचे चाळीस."

बाई लाटवियाची. नाव इल्झे.
तिच्या देशातला सगळ्यांत उंच डोंगर
म्हणे तीनशे मीटर,
केरीची पोरं गुरांमागे चढतात तेवढा.
म्हणून इथे आलीय, उतरायला.
पैसे देऊन.

माझं काम सोपं:
मागून यायचं, दिवे लुकलुकते ठेवायचे,
बेळगावचे भाजीचे ट्रक
तिच्या अंगावर येऊ द्यायचे नाहीत,
पडली तर उचलायची.

ती सुटली.
पहिल्या वळणाला ब्रेक धरलाच नाही.
गुडघा बाहेर, अंग आत,
खडी सुटलेली, कठडा अर्धाच,
उरलेला अर्धा गेल्या साली
कोणीतरी सोबत खाली घेऊन गेलंय.
मी दुसऱ्या गिअरात, पाय ब्रेकवर,
तोंडात देवीचं नाव;
सातेरीचं की लईराईचं, आठवत नाही.

अकरा वर्षं टिप्पर मारलाय मी.
होंडा ते आमोणा, खनिज भरून, दिवसाला सात खेपा,
आठवी मारली तर वर दोनशे.
तेव्हा रस्ता म्हणजे पुढच्या टिप्परची पाठ
आणि लाल धूळ:
भातात, कानात, पोरीच्या वहीत.

त्या धुळीत एक पोदेर होता.
सायकलच्या मागे पावांची पाटी, वर निळं प्लास्टिक,
हँडलला भोंगा.
मी भोंगा ऐकला होता. खोटं सांगणार नाही.
ऐकला, आणि आठवी खेप आठवली.
आरशात पाहिलं तेव्हा
उंडे गडगडत होते रस्ताभर,
आणि तो गटारातून उठत होता
की खाली बसत होता,
एवढ्या धुळीत कळत नाही.
मागे रांग होती. थांबता येत नव्हतं.
थांबता येत नव्हतं, असं मी
खाण बंद पडली तरी म्हणत होतो,
बँकेने टिप्पर ओढून नेला, त्या दिवशीसुद्धा.

सातव्या की आठव्या वळणावर
रानातून गवा आला.
आला म्हणजे, होताच;
धुकं बाजूला झालं आणि तो रस्त्याएवढा.
इल्झेचं मागचं चाक आधी गेलं,
मग ती, मग सायकल तिच्यावर.
गव्याने पाहिलं, नाकातून वाफ सोडली
आणि दरीकडच्या झाडीत
घरच्या दारात शिरावं तसा शिरला.

माझ्या मागे ट्रक. उतारावर, कोबीने भरलेला.
हँडब्रेकचा दांडा ओढायला
एकच हात लागतो.
टेम्पो आडवा घातला, पुरा रस्ता अडवून.
ट्रकवाला कानडीत
माझ्या आजोबांपर्यंत गेला.
मी म्हटलं, जा, अजून मागे जा.
आणि पाण्याची बाटली घेऊन धावलो.

कोपर सोललेलं, हेल्मेटला चीर.
ती हसत होती. दात रक्ताळलेले,
आणि हसत होती.
एक शब्द तिच्या भाषेतला, तीन वेळा म्हणाली;
मला वाटतं 'गवा'. किंवा 'अजून'.
टेम्पोत बस, म्हटलं.
तिने सायकलचं चाक फिरवून पाहिलं,
कान लावून, दूध तापलं का पाहतात तसं,
आणि परत चढली.

खाली केरीत चहा, पातळभाजी.
तिने खुणेने विचारलं, भ्यालास?
मी म्हटलं, ब्रेक तापलेत.

तेवढ्यात पोदेर आला. कोवळं पोर, आता स्कूटरवर,
पण भोंगा तोच जुना, काळ्या रबराचा.
इल्झेला तो वाजवून पाहायचा होता.
पोराने दिला.
तिने रक्ताळल्या हाताने दाबला:

पों.

मी आरसा शोधला.
टेम्पो पलीकडे उभा होता,
आणि मी बाकावर बसलेलो.